विश्लेषण : भाताचे जनुक बदलणे सोपे, पण त्या पेशीतून रोप उगवणार का?

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने भाताचे दोन जनुकसंपादित वाण जाहीर केले. चर्चा झाली ती ‘क्रिस्पर’ या जनुकीय कात्रीची. मात्र कात्री चालवल्यानंतरचे काम अधिक किचकट असते. बदल झालेल्या एका पेशीपासून मुळे, पाने आणि लोंबी असलेले पूर्ण रोप तयार करावे लागते. हे काम टिश्यू कल्चरच्या बाटलीत होते आणि तेथे प्रत्येक वाण सारखी साथ देत नाही. त्यामुळे नव्या तंत्राचा लाभ कोणत्या भाताला आधी मिळेल आणि कोणता मागे राहील, हे बऱ्याच अंशी या बाटलीत ठरते.

जाहीर झालेले दोन वाण कोणते?

केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ४ मे २०२५ रोजी नवी दिल्लीत हे वाण जाहीर केले. पहिला ‘डीआरआर धान १००’ अर्थात ‘कमला’. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने ‘सांबा मसुरी’ या दक्षिणेतील लोकप्रिय बारीक तांदळाच्या वाणात बदल करून तो तयार केला. सरकारी माहितीनुसार त्याचे उत्पादन मूळ वाणापेक्षा सुमारे १९ टक्के जास्त आहे. तो सुमारे १३० दिवसांत, म्हणजे सांबा मसुरीपेक्षा साधारण २० दिवस आधी तयार होतो.

दुसरा ‘पुसा डीएसटी राइस १’. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो ‘एमटीयू १०१०’ म्हणजेच ‘कॉटनदोरा सन्नालू’ या वाणापासून तयार केला. खारपट आणि चोपण जमिनीत तो मूळ वाणापेक्षा ९.६६ ते ३०.४ टक्के जास्त उत्पादन देतो, असा सरकारचा दावा आहे. ज्या राज्यांसाठी हे वाण विकसित केल्याचे सांगण्यात आले, त्यांत महाराष्ट्राचाही समावेश आहे.

दोन्ही वाणांत दुसऱ्या सजीवाचे जनुक ठेवलेले नाही. भाताच्याच जनुकात नेमक्या ठिकाणी काट मारून त्याचे काम थांबवण्यात आले आहे.

बियाण्यातच थेट बदल का करत नाहीत?

हा प्रश्न साहजिक आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर गॅमा किरणांचा मारा करून पिकांचे नवे वाण काढले जातात आणि त्यात भातही आहे. किरण दाण्याच्या आत सहज शिरतात. मात्र ते जनुकांत कोठे आणि काय बदल करतील, हे आधी ठरवता येत नाही. हजारो रोपे वाढवायची आणि त्यांतून उपयोगी बदल झालेली निवडायची, अशी ती पद्धत आहे.

क्रिस्परचे तसे नाही. काट कोठे मारायची हे नेमके सांगता येते, पण ही कात्री पेशीच्या आत पोहोचवावी लागते. वनस्पतीच्या पेशीला भक्कम भिंत असते. शिवाय दाण्यातील अंकुरात हजारो पेशी असतात. त्यांपैकी चार पेशींत बदल झाला आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तर रोपाचा एखादा ठिपकाच बदललेला असेल. लोंबी ज्या पेशींपासून तयार होते त्यांत बदल नसेल, तर पुढच्या पिढीत काहीच उतरणार नाही.

यावर उपाय एकच : बदल झालेली एक पेशी वेगळी काढायची आणि फक्त तिच्यापासून रोप वाढवायचे. मग त्या रोपाच्या प्रत्येक पेशीत तो बदल असतो. एका पेशीपासून रोप मिळवण्याच्या या टप्प्याला पुनर्जनन म्हणतात.

केळीचे टिश्यू कल्चर आणि हे एकच का?

जळगाव, सोलापूर, नांदेडच्या शेतकऱ्यांना टिश्यू कल्चर म्हटले की ‘ग्रँड नैन’ केळीची रोपे आठवतात. तेथे उद्देश वेगळा असतो. केळीला लागवडीयोग्य बी नसते. म्हणून चांगल्या झाडाच्या शेंड्याकडील वाढीचा भाग घेऊन त्यापासून एकसारखी, रोगमुक्त रोपे मोठ्या संख्येने तयार केली जातात. त्यात जनुक बदलले जात नाही. टिश्यू कल्चरची केळी म्हणजे जीएम केळी, हा समज चुकीचा आहे.

भाताला रोपे वाढवण्यासाठी बाटलीची गरज नाही, बी मुबलक मिळते. येथे टिश्यू कल्चर लागते ते बदललेली पेशी निवडण्यासाठी आणि तिचे रोप करण्यासाठी. केळीत शेंड्याकडील वाढीचा भाग आधीच तयार असतो. भातात मात्र पेशींना एकदा स्वतःची ओळख विसरायला लावून पुन्हा नव्याने रोप घडवायला लावावे लागते. त्यामुळे हे काम अधिक अवघड आहे.

एका पेशीतून पूर्ण रोप ही कल्पना आली कोठून?

ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांड यांनी १९०२ मध्ये ही कल्पना मांडली. प्रत्येक पेशीत पूर्ण वनस्पतीचा आराखडा असतो, तर एका पेशीपासून वनस्पती घडवता यायला हवी, असा त्यांचा तर्क होता. त्यांचे स्वतःचे प्रयोग यशस्वी झाले नाहीत.

किल्ली सापडली १९५७ मध्ये. अमेरिकेतील फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर काम करताना दाखवून दिले, की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचे प्रमाण बदलले की पेशींचे वागणे बदलते. ऑक्सिन जास्त असेल तर मुळे फुटतात, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब फुटतात. दोन्ही योग्य प्रमाणात असतील तर पेशींचा नुसता गोळा वाढत राहतो. १९६२ मध्ये तोशियो मुराशिगे आणि स्कूग यांनी तयार केलेले पोषक माध्यम आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.

या इतिहासात भारताचेही ठळक नाव आहे. दिल्ली विद्यापीठातील शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशापासून बाटलीत भ्रूण तयार झाल्याचे जाहीर केले. चारच वर्षांनी जपानी संशोधकांनी हीच वाट धरून भाताच्या परागकोशांपासून रोपे मिळवली.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय केले जाते?

पहिली पायरी दाणा सोलण्याची. पिकलेल्या साळीचे तूस काढून तांदूळ अल्कोहोल आणि क्लोरीनयुक्त द्रावणात धुतात. बुरशीचा एक बीजाणू राहिला तरी साखर असलेल्या माध्यमावर तो दोन दिवसांत पसरतो आणि सगळी बाटली फेकून द्यावी लागते. त्यामुळे माध्यम १२१ अंश सेल्सिअसला वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले जाते आणि पुढचे काम गाळलेल्या हवेच्या झोतात चालते.

मग हे दाणे जेलीसारख्या माध्यमावर ठेवतात. त्यात क्षार, साखर, जीवनसत्त्वे आणि ‘टू-फोर-डी’ असते. शेतकऱ्यांना हे नाव तणनाशक म्हणून परिचित आहे. ते कृत्रिम ऑक्सिन आहे. शेतात मोठ्या मात्रेत ते रुंद पानांच्या तणांची वाढ बिघडवून त्यांना मारते. बाटलीत लिटरला साधारण २ मिलिग्रॅम इतक्या मात्रेत ते भाताच्या पेशींना विभागत राहायला लावते. तीन-चार आठवड्यांत अंकुराजवळच्या ढालीसारख्या भागातून फिकट पिवळसर, रवाळ गोळा बाहेर येतो. याला कॅलस म्हणतात. त्यातील पेशी मूळ, खोड, पान यांपैकी काहीच नसतात.

या कॅलसमध्ये जनुक किंवा कात्री सोडली जाते. ज्या पेशींत ती पोहोचली त्या ओळखण्यासाठी तिच्यासोबत ‘हायग्रोमायसिन’ या प्रतिजैविकाला दाद न देणारे एक जनुकही जोडलेले असते. माध्यमात हायग्रोमायसिन मिसळले की साध्या पेशी तपकिरी होऊन मरतात आणि बदललेल्या पेशींचे छोटे नवे पुंजके तग धरतात. शंभर गोळ्यांतून हाती लागणारे पुंजके कधी पन्नास असतात, कधी दोन.

तगलेले पुंजके नव्या माध्यमावर हलवतात. आता ऑक्सिन कमी आणि सायटोकायनिन जास्त ठेवले जाते आणि बाटल्या प्रकाशात येतात. सगळे जुळून आले तर दोनेक आठवड्यांत गोळ्यावर हिरवे ठिपके दिसतात, त्यांतून कोंब येतात, मग मुळे. रोपे हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावून बंदिस्त हरितगृहातील कुंडीत लावली जातात. सोललेल्या दाण्यापासून कुंडीतील रोपापर्यंत, साथ देणाऱ्या वाणात, साधारण तीन ते चार महिने लागतात.

जनुक पेशीत पोहोचवतो कोण?

हे काम मातीतील ‘ॲग्रोबॅक्टेरियम’ हा जिवाणू करतो. अनेक फळझाडांच्या बुंध्यावर तो गाठी आणतो. १९०७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी या गाठींना तो कारणीभूत असल्याचे दाखवले. मेरी-डेल चिल्टन यांच्या गटाने १९७७ मध्ये सिद्ध केले, की हा जिवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. गाठ आणणारी जनुके काढून त्या जागी हवे ते जनुक ठेवले, तर जिवाणू तेही तितक्याच इमानाने पोहोचवतो.

अडचण अशी, की तो निसर्गात भात, गहू, मका यांसारख्या तृणवर्गीय पिकांच्या वाटेला फारसा जात नाही. जखम झालेले झाड काही रसायने सोडते आणि त्यांच्या वासावर हा जिवाणू येतो. तृणवर्गीय पिके ती रसायने पुरेशी सोडत नाहीत. त्यामुळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ भाताच्या पेशींची भिंत विरघळवून त्यांत डीएनए घालत होते किंवा सोन्याच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चिकटवून ते पेशींवर झाडत होते. इंडिका भाताची जनुकबदल केलेली, बी धरणारी रोपे १९९० मध्ये झुरिच येथे मिळाली, ती भिंत विरघळवण्याच्या पद्धतीने. त्या कामात भारतीय शास्त्रज्ञ स्वपन दत्ता यांचा मोठा वाटा होता.

१९९४ मध्ये ‘जपान टोबॅको’ कंपनीतील हिएई, कोमारी आणि सहकाऱ्यांनी कोंडी फोडली. झाडाने न सोडलेले रसायन त्यांनी माध्यमात बाहेरून मिसळले आणि दाण्याच्या अंकुराजवळून वाढवलेला ताजा कॅलस वापरला. जिवाणू कामाला लागला. आज भातासाठी जगभर प्रामुख्याने हीच पद्धत वापरली जाते.

मग अडते कोठे?

वाणावर अडते. जपान, कोरिया, उत्तर चीनमधील आखूड, चिकट दाण्याच्या जॅपोनिका भाताचे अनेक वाण बाटलीत सहज वाढतात. भारतात आणि दक्षिण आशियात मुख्यतः पिकतो तो इंडिका भात. त्याचे अनेक वाण बाटलीत रुसून बसतात. कॅलस कमी येतो, लवकर तपकिरी पडतो, हिरवे ठिपके आले तरी कोंब फुटत नाहीत. एका वाणासाठी बसवलेली कृती दुसऱ्याला चालत नाही. प्रत्येक वाणासाठी साखर किती, कोणते सायटोकायनिन, गोळा किती सुकवायचा, हे नव्याने शोधावे लागते.

या रुसव्यामागील एक कारण जपानमधील निशिमुरा, आशिकारी आणि मात्सुओका यांनी २००५ मध्ये शोधले. गंमत म्हणजे त्यांचा हट्टी वाण जॅपोनिकाच होता. जपानचा सर्वांत आवडता ‘कोशिहिकारी’ बाटलीत नीट उगवत नव्हता, तर ‘कासालाथ’ हा वाण सहज उगवत होता. दोघांची तुलना केल्यावर उत्तर सापडले ते नत्राच्या पचनात. माध्यमातील नायट्रेट पेशीत आधी नायट्राइट होते आणि मग एक विकर त्याचे पुढे रूपांतर करते. कोशिहिकारीत हे विकर कमी असल्याने विषारी नायट्राइट साठते आणि पेशी कोंब धरत नाहीत. कासालाथचे जनुक घातल्यावर कोशिहिकारीच्या पेशीही उगवू लागल्या.

म्हणजेच शेतात चांगला असणे आणि बाटलीत चांगला असणे हे दोन वेगळे गुण आहेत. शेतकऱ्याने पसंत केलेला वाण प्रयोगशाळेला सोयीचा असेलच असे नाही.

आजवर या अडचणीवर काय तोड काढली गेली?

जो वाण उगवतो त्यात जनुक घालायचे आणि मग संकर करून ते हव्या वाणात आणायचे, हीच तोड होती. महाराष्ट्राने तिचा अनुभव कापसात घेतला आहे. बीटी जनुक प्रथम ‘कोकर ३१२’ या अमेरिकी कापसात घातले गेले, कारण तो टिश्यू कल्चरला साथ देतो. तेथून जालन्याच्या ‘महिको’ने ते पुन्हा पुन्हा संकर करून भारतीय वाणांत आणले आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली.

‘गोल्डन राइस’ची वाटही तीच. शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व होणारे बीटा-कॅरोटिन दाण्यात आणणारा हा भात इंगो पोट्रिकुस आणि पीटर बायर यांनी २००० मध्ये जाहीर केला, तो ‘तैपेई ३०९’ या जॅपोनिका वाणात. आशियातील शेतकरी तो वाण पिकवत नव्हते. सुधारित गोल्डन राइसही एका अमेरिकी वाणात तयार झाला आणि पुढे संकरातून इंडिका वाणांत नेला गेला.

या वळणाची किंमत भारतात दिसली. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोल्डन राइसच्या ‘जीआर२-आर१’ या प्रकाराचा संकर ‘स्वर्णा’ या मोठ्या क्षेत्रावरील वाणाशी केला. दाणे सोनेरी आले, पण रोपे खुजी, पाने फिकट आणि लोंब्या लहान. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात कारण दिले होते. जिवाणूने सोडलेले जनुक भाताच्या ऑक्सिन वाहून नेणाऱ्या एका जनुकाच्या मधोमध जाऊन बसले होते. ॲग्रोबॅक्टेरियम जनुक पोहोचवतो, पण ते कोठे बसेल हे ठरवत नाही. बाटलीतून आलेली अनेक रोपे तपासून त्यांतील योग्य ते निवडणे म्हणूनच आवश्यक असते. त्यासाठी आधी बाटलीतून भरपूर रोपे मिळावी लागतात.

जनुकसंपादनाने काय बदलले?

क्रिस्परमध्येही कात्रीचे जनुक साधारणपणे ॲग्रोबॅक्टेरियममार्फतच कॅलसमध्ये जाते आणि ते कोठेही बसू शकते. पण काट मारून झाली की कात्रीची गरज उरत नाही. पहिल्या रोपाचे बी पेरले की पुढच्या पिढीत जनुकांची वाटणी होते. कात्री एकाच ठिकाणी बसलेली असेल तर साधारण चारपैकी एका रोपात ती अजिबात नसते, मात्र केलेला बदल असू शकतो. अशी रोपे निवडली की हाती राहतो तो मूळ वाण, फक्त एका जनुकातील बदलासह.

भारताच्या नियमांचा आधारही हाच आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार, बाहेरचे जनुक शिल्लक नसलेल्या जनुकसंपादित वनस्पतींच्या दोन प्रकारांना जीएम पिकांसाठीच्या १९८९च्या नियमावलीतील काही तरतुदींतून सूट मिळते. बाहेरचा डीएनए राहिला नाही हे आधी सिद्ध करावे लागते. तोपर्यंतचे सर्व काम बंदिस्त जागेतच होते.

येथे पुनर्जननाचे महत्त्व आणखी वाढते. संपादनाचा मुख्य फायदाच असा, की शेतकऱ्याचा आवडता वाण आहे तसा ठेवून एकच गोष्ट बदलता येते. पण त्यासाठी तोच वाण बाटलीत उगवायला हवा. उगवला नाही, तर पुन्हा दुसऱ्या वाणात बदल करून वर्षानुवर्षे संकर करणे आले.

बाटलीतील संप्रेरक आणि लोंबीतील दाणे यांचा संबंध काय?

बाटलीत कोंब फोडणारे सायटोकायनिन शेतातील लोंबीतही काम करते. लोंबीच्या टोकाशी ते जास्त असेल, तर जास्त फुले आणि म्हणून जास्त दाणे धरतात. भातात हे संप्रेरक मोडणारे एक विकर आहे. त्याचे जनुक जपानमधील आशिकारी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शोधले. ‘कमला’ वाणात याच जनुकावर काट मारण्यात आली आहे. विकर कमी, म्हणून सायटोकायनिन जास्त, म्हणून दाणे जास्त, असा हा हिशेब आहे.

‘पुसा डीएसटी राइस १’मध्ये बदललेले जनुक पानांवरील पर्णरंध्रांशी निगडित आहे. ते बंद पडले की रंध्रे कमी होतात, रोप पाणी कमी गमावते आणि क्षार व पाण्याचा ताण अधिक सोसते. चिनी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की हेच जनुक सायटोकायनिन मोडणाऱ्या त्या विकरावरही नियंत्रण ठेवते. दोन्ही वाणांच्या मुळाशी अशा रीतीने एकाच संप्रेरकाचा धागा आहे.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप चाचण्यांवर आहे. जीएमविरोधी संघटनांनी उत्पादनाचे दावे आणि त्यांमागील आकडेवारी यांवर प्रश्न उपस्थित केले असून जनुकसंपादित पिकांना नियमांतून दिलेली सूटही त्यांना मान्य नाही. दुसरा मुद्दा पेटंटचा. क्रिस्परची मूळ पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत, त्यामुळे बियाण्याच्या व्यापारी वापराच्या अटी स्पष्ट व्हाव्यात, ही मागणी आहे.

तिसरा मुद्दा स्वतः टिश्यू कल्चरचा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पेशी बराच काळ कॅलस अवस्थेत राहिल्या, की त्यांत नको असलेले बदल आपोआप होतात. ऑस्ट्रेलियातील लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये याकडे लक्ष वेधले. भातात ‘टॉस-१७’ नावाचा डीएनएचा एक तुकडा आहे. एरवी तो झोपलेला असतो, पण टिश्यू कल्चरमध्ये जागा होतो आणि आपल्या प्रती इतर जनुकांत घुसवतो, असे जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले. कात्रीने चुकीच्या ठिकाणी काट मारली का, हे तपासताना बाटलीने काय बदलले हेही तपासावे लागते. असे बहुतेक बदल मूळ वाणाशी संकर करून आणि शेतातील चाचण्यांतून गाळता येतात, पण त्यासाठी वेळ द्यावा लागतो. कॅलस अवस्था जितकी लहान, तितका धोका कमी.

पुनर्जननाचा अडथळा दूर होतो आहे का?

होतो आहे, पण टप्प्याटप्प्याने. ज्या जनुकांमुळे वनस्पती नैसर्गिकरीत्या भ्रूण किंवा कोंब घडवते, तीच काही काळ पेशीत चालू करायची, अशी नवी दिशा आहे. अमेरिकी बियाणे कंपनीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘बेबी बूम’ आणि ‘वुशेल’ या दोन जनुकांच्या मदतीने मक्याचे हट्टी वाण बाटलीत उगवून दाखवले. त्यांनी ज्वारी, ऊस आणि इंडिका भातातही त्याचा उपयोग दाखवला. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील गटाने दोन प्रथिने जोडून गव्हाच्या पुनर्जननाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढवले. भातात ते साधारण दुप्पट झाले.

दुसरा मार्ग जुना पण खात्रीचा आहे. पिकलेल्या दाण्याऐवजी दुधाळ अवस्थेतील दाण्याचा कोवळा अंकुर वापरला, तर अनेक इंडिका वाण साथ देतात. त्यासाठी हरितगृहात वर्षभर फुलोऱ्यातील भात तयार ठेवावा लागतो आणि अंकुर काढण्याचा मोसम एका वाणात मोजक्या दिवसांचाच असतो. हे खर्चीक आणि कौशल्याचे काम आहे.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या भातासाठी याचा अर्थ काय?

कोकणातील खारजमिनी आणि गोव्यातील खाजन शेते यांना खाऱ्या पाण्याचा त्रास पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेथे खार सहन करणारा भात आधीपासून आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे ‘पनवेल’ मालिकेतील वाण आणि गोव्याचा पारंपरिक ‘कोरगुट’ ही त्याची उदाहरणे. ‘पुसा डीएसटी राइस १’ तेथे चालेल का, हे तेथील बांधावरच्या चाचण्यांतूनच कळेल. त्याचा मूळ वाण आंध्रचा आहे आणि कोकणचा पाऊस, जमीन आणि ताटातील पसंती वेगळी आहे.

मावळातील ‘इंद्रायणी’, मुळशीचा ‘आंबेमोहर’, आजऱ्याचा ‘घनसाळ’ यांना ग्राहक त्यांच्या वासासाठी आणि चवीसाठी जास्त दाम मोजतात. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी शेतातूनच निवडलेल्या ‘एचएमटी’ धानाची ओळख त्याच्या बारीक दाण्यात आहे. अशा वाणांचा संकर दुसऱ्याशी केला, की वास, चव, दाण्याचा आकार यांत भेसळ होते आणि ती काढायला अनेक पिढ्या जातात. संपादन या वाणांसाठी म्हणूनच आकर्षक आहे. उंच वाढून लोळणारा सुवासिक भात थोडा ठेंगणा करणे, करप्याला बळी पाडणारे जनुक बंद करणे, असे नेमके बदल चव न बिघडवता करता येऊ शकतात.

मात्र त्याआधी प्रत्येक वाणाचा दाणा बाटलीत ठेवून त्याची कृती बसवावी लागेल. हे काम गाजावाजाचे नाही. त्यात बातमी नसते, शोधनिबंधही मोठ्या नियतकालिकात येत नाही. एखाद्या कृषी विद्यापीठातील दोन-तीन संशोधक, काही हजार बाटल्या आणि दोन-तीन वर्षे, असा त्याचा आवाका असतो. मोठ्या क्षेत्रावरील सांबा मसुरी किंवा एमटीयू १०१० साठी राष्ट्रीय संस्था ते करतात. काही तालुक्यांपुरत्या वाणासाठी ते स्थानिक विद्यापीठांनी हाती घेतले नाही, तर दुसरे कोणी करण्याची शक्यता कमी आहे.

शेतकऱ्याला बियाणे केव्हा मिळणार?

वाण जाहीर होणे आणि बियाणे दुकानात येणे यांत अंतर असते. आधी पैदासकार बियाणे, मग पायाभूत, मग प्रमाणित, असे टप्पे पार करावे लागतात आणि प्रत्येक टप्प्याला एक-एक हंगाम जातो. जनुकसंपादित वाण सरळ वाण असल्याने, संकरित बियाण्यासारखे ते दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. घरचे बी ठेवून पुढच्या वर्षी पेरले तरी बदल टिकून राहतो. अर्थात, पेटंट आणि परवान्याच्या अटी काय असतील यावर घरचे बी ठेवण्याची मोकळीक अवलंबून राहील. बियाणे घेण्याआधी शेतकऱ्यांनी कृषी विभागाकडे विचारण्यासारखे दोन प्रश्न आहेत : या वाणाच्या चाचण्या आपल्या भागात झाल्या का, आणि त्यांत मूळ वाण शेजारच्या वाफ्यात लावला होता का?